लॅपटॉपची कात



समजा, तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसला राहता. वैशाखाचे दिवस आहेत. पारा चाळीस अंशांच्या वर चढला आहे आणि धावंडा नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडच जास्त दिसत आहेत. शाळेला सुटी आहे आणि थोरल्या ताईने चार-पाच वर्षे वापरून तुम्हाला दिलेला लॅपटॉप घेऊन तुम्ही बसला आहात. यंत्र जुने, पण चालते झकास. रूप मात्र पार गेले आहे. कळफलकाच्या खाली जेथे दोन्ही मनगटे टेकतात, तेथला करडा रंग विटला आहे. तेथे पांढुरके चट्टे पडले आहेत आणि बोट फिरवले तर बारीक खड्डे लागतात. झाकणाचा एक कोपरा कधीतरी पडून घासला गेला आहे आणि तेथे लखलखीत धातू उघडा पडला आहे.

तुमच्या मनात येते, हा विटका थर घासून काढावा आणि नवा रंग चढवावा. जुनी सायकल नाही का आपण रंगवत?

विचार चांगला आहे. पण पॉलिश पेपर हाती घेण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. जो थर तुम्ही काढणार आहात, तो धातूवर बाहेरून चढवलेला आहे, की धातूतूनच वाढलेला आहे? ह्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून आहे. उत्तर शोधायला सुरुवात करू एका जुन्या धंद्यापासून.

कल्हईवाल्याची विद्या

'कल्हईऽऽ' ही आरोळी आता क्वचितच ऐकू येते, पण तुमच्या आजीला विचारा. कल्हईवाला अंगणात छोटा खड्डा खणी, त्यात कोळसा पेटवी आणि भात्याने वारा घाली. पितळेचे किंवा तांब्याचे भांडे आधी वाळूने स्वच्छ घासलेले असे. ते चांगले तापले की त्यात नवसागराची चिमूट टाकी. भक्कन पांढरा धूर निघे. लगेच कथलाची कांडी तो तापल्या भांड्याला टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेले कथील आतून सगळीकडे फिरवी. पाहता पाहता काळवंडलेले भांडे चांदीसारखे चकाकू लागे.

ही जादू नव्हती, रसायनशास्त्र होते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे वायू निघतात. हायड्रोजन क्लोराइड तांब्यावरचा ऑक्साइडचा पातळ काळा थर खाऊन टाकतो आणि खालचा निर्मळ धातू उघडा करतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे वितळायला १०८५ अंश लागतात. म्हणून भांडे जागचे हलत नाही आणि कथील मात्र त्यावर पसरून धरून बसते. मग त्या भांड्यात ताक ठेवले तरी ते कळकत नाही.

ह्या कामाच्या तीन पायऱ्या ध्यानात ठेवा. जुने काढणे, तळ निर्मळ करणे आणि नवे चढवणे. आणखी एक गोष्टही ध्यानात ठेवा. कल्हई म्हणजे एका धातूवर चढवलेला दुसरा धातू. ती झिजली की पुन्हा चढवायची, एकदा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्या. सायकलचा रंगही असाच बाहेरून चढवलेला असतो. लॅपटॉपचे तसे आहे का?

गंजाला गंज का लागत नाही?

आपल्या विदर्भात पातेल्याला 'गंज' म्हणतात आणि अॅल्युमिनियमला घरोघरी 'जर्मन' म्हणतात. तेव्हा एक कोडे घालतो. जर्मनच्या गंजाला गंज का लागत नाही?

रसायनशास्त्राच्या पुस्तकातली धातूंची क्रियाशीलता श्रेणी आठवा. तीत अॅल्युमिनियम लोखंडाच्या बरेच वर आहे. म्हणजे ऑक्सिजनशी संयोग पावण्याची त्याची ओढ लोखंडापेक्षा अधिक आहे. मग लोखंडाचा खिळा पावसाळ्यात लाल होतो आणि जर्मनचा गंज वर्षानुवर्षे तसाच राहतो, हे कसे?

खरी गोष्ट अशी, की अॅल्युमिनियमचे ऑक्सिडीभवन होते आणि तेही हवा लागताक्षणीच. पण लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. अॅल्युमिनियमचा ऑक्साइड तसा नाही. तो धातूला घट्ट चिकटून बसतो आणि त्याच्यातून ऑक्सिजन सहसा आत शिरू शकत नाही. ह्या थराची जाडी किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यांपैकी अवघे दोन ते पाच भाग! एवढी पातळ कातडी सगळ्या भांड्याचे रक्षण करते. ओरखडा काढला तर ती फाटते, पण जखमेवर खपली धरावी तशी लगेच नवी धरते.

उकळत्या पाण्याने काळवंडलेला जर्मनचा गंज आई चिंच लावून घासते, तेव्हा ती हेच करीत असते. चिंचेतील आम्ल ऑक्साइडचा काळपट झालेला थर विरघळवते, आतला पांढरा धातू दिसू लागतो आणि त्यावर क्षणात नवी पातळ कातडी येते. साप कात टाकतो तेव्हा कातेखाली नवी त्वचा आधीच तयार असते, आणि ती त्याच्या स्वतःच्याच शरीराची असते. अॅल्युमिनियमचेही काहीसे असेच आहे.

विजेने वाढवलेली कातडी

पण ही निसर्गदत्त कातडी फार नाजूक. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती टिकत नाही. पाण्यावर उतरणारी विमाने अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची होऊ लागली, तेव्हा ही अडचण जाणवू लागली. १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट ह्या दोघांनी तिच्यावर उपाय काढला. त्यांनी विमानाचे भाग क्रोमिक आम्लाच्या विद्रावात बुडवून त्यांतून विद्युत्‌प्रवाह सोडला आणि ती कातडी मुद्दाम जाड वाढवली. पुढे १९२७ साली क्रोमिक आम्लाऐवजी सल्फ्युरिक आम्ल वापरण्याची रीत निघाली. तीच आज सर्वांत अधिक प्रचारात आहे.

ही रीत समजायला सोपी आहे. पाण्याचे विद्युत् अपघटन तुम्ही प्रयोगशाळेत पाहिले असेल. धन अग्रावर ऑक्सिजन निघतो आणि ऋण अग्रावर हायड्रोजन. आता धन अग्र म्हणून अॅल्युमिनियमची वस्तूच जोडली तर? तेथे येणारा ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने निघून जाण्याऐवजी अॅल्युमिनियमशीच संयोग पावतो आणि ऑक्साइडचा थर वाढत जातो. धन अग्राला इंग्रजीत 'अॅनोड' म्हणतात, म्हणून ह्या क्रियेचे नाव 'अॅनोडायझिंग'. साधारणपणे १५ ते २० टक्के सल्फ्युरिक आम्ल, सुमारे २० अंश तापमान आणि १२ ते १८ व्होल्टचा एकदिश प्रवाह एवढी सामग्री लागते. लॅपटॉपच्या कवचावर ह्या रीतीने सुमारे १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग जाडीचा थर वाढवतात. आपल्या केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्शाएवढी ही जाडी. पण नैसर्गिक थराच्या तुलनेत ती काही हजार पट भरते.

ह्या थराची रचनाही मोठी मजेची आहे. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे त्यात एकमेकींना लागून असंख्य उभ्या नळ्या असतात. वस्तू रंगाच्या विद्रावात बुडवली की रंग ह्या नळ्यांत शिरून बसतो. मग ती शुद्ध उकळत्या पाण्यात ठेवतात. गरम पाण्याशी संयोग होऊन ऑक्साइड फुगतो, नळ्यांची तोंडे मिटतात आणि रंग आत कायमचा कोंडला जातो. आजीच्या विणकामाच्या डब्यात जांभळ्या, हिरव्या, सोनेरी रंगाच्या चकचकीत सुया असतील, तर त्या नीट पाहा. त्यांच्यावर रंगाचा लेप नसतो, तरी वर्षानुवर्षे विणूनही रंग बोटांना लागत नाही. तो काचेसारख्या पारदर्शक थराच्या पोटात असतो.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. अॅनोडाइज्ड थर धातूवर चढवलेला नसतो. तो धातूचाच झालेला असतो. दहा मायक्रॉन थरापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या आत आणि एक तृतीयांश बाहेर वाढतो. म्हणून त्याचे रंगासारखे पापुद्रे सुटत नाहीत. आणि म्हणूनच तो काढणे म्हणजे धातूचाच एक अंश काढून टाकणे होय.

हे पडताळून पाहायचे आहे? शाळेतला मल्टिमीटर घ्या. त्याच्या दोन्ही तारा जर्मनच्या ताटलीवर टेकवा. वीज वाहते. आता त्या अॅनोडाइज्ड वस्तूवर हलक्या हाताने टेकवा. वीज वाहत नाही! ऑक्साइड विद्युत्‌रोधक आहे. त्याच वस्तूच्या उघड्या पडलेल्या ओरखड्यावर टेकवा आणि काय होते ते स्वतःच पाहा. लॅपटॉपवर हा प्रयोग तो बंद करून, चार्जर काढूनच करा.

मग ही कातडी बिघडली कशाने?

उत्तर तुमच्या मनगटावरच आहे. घामात मीठ असते. मिठातील क्लोराइडचे आयन ऑक्साइडच्या थरातली बारीकशी फट शोधतात आणि तेथे नवी खपली धरू देत नाहीत. मग त्या एका ठिकाणी धातू खोल खोल खाल्ला जातो. तुम्हाला बोटाला लागले ते हेच खड्डे, आणि खड्ड्यांभोवतीची पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियमचा हायड्रॉक्साइड. भरीला मनगटातल्या घड्याळाचा पट्टा किंवा कडे रोज घासत असते. विदर्भातल्या उन्हाळ्यात घामाला तोटा नाही, तेव्हा हे काम येथे जरा भरभरच चालते.

ह्यातून एक व्यवहारी धडा निघतो. काम झाल्यावर मनगटाची जागा किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा. एवढ्याने कातडीचे आयुष्य खूप वाढते.

आधी धातू ओळखा

सगळेच लॅपटॉप अॅल्युमिनियमचे नसतात. अॅपल कंपनीने २००१ साली टायटॅनियमचे कवच वापरले, २००३ साली ती अॅल्युमिनियमकडे वळली आणि २००८ साली तिने अॅल्युमिनियमच्या एकाच अखंड ठोकळ्यातून कोरलेले कवच बाजारात आणले. इतर अनेक कंपन्यांनी वजन कमी करण्यासाठी मॅग्नेशियमचे मिश्रधातू वापरले. स्वस्त यंत्रांत तर पुष्कळदा धातू नसतोच. धातूसारखा रंग दिलेले प्लॅस्टिक असते.

ओळखायचे कसे? पापुद्रे सुटत असतील तर तो रंग आहे आणि खाली प्लॅस्टिक किंवा मॅग्नेशियम असण्याचा संभव मोठा. सुट्या केलेल्या भागाला चुंबक चिकटले तर पोलाद. अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम ह्यांना चुंबक चिकटत नाही. ह्या दोघांतला फरक व्हिनेगरचा थेंब सांगतो. सुट्या भागाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा धातू उघडा करून त्यावर थेंब टाका. मॅग्नेशियम असेल तर लगेच बुडबुडे फसफसतात. अॅल्युमिनियम स्वस्थ बसते, कारण त्याची कातडी सौम्य आम्लाला सहजी दाद देत नाही. परीक्षा झाली की थेंब पुसून ती जागा कोरडी करायला विसरू नका.

एवढी चौकशी कशासाठी? कारण येथे चूक झाली तर रंग बिघडून भागणार नाही, आग लागेल. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाने जळते, ते तुम्ही पाहिले आहे. मॅग्नेशियमचे कवच घासले तर जी बारीक भुकटी पडते, तीही अशीच पेट घेते. त्या आगीवर पाणी टाकले तर हायड्रोजन निघून ती आणखी भडकते. कार्बन डायऑक्साइडनेही ती विझत नाही, कारण मॅग्नेशियम त्यातला ऑक्सिजनही ओढून घेते. तिच्यावर कोरडी वाळूच टाकावी लागते. म्हणून मॅग्नेशियमचे कवच असेल, तर धातू उघडा पडेपर्यंत घासायचे नाही, हा नियम समजा.

काढणे सोपे

समजा, तुमच्या लॅपटॉपचे झाकण अॅल्युमिनियमचेच निघाले. आता काम कसे चालते ते पाहू.

सर्वांत आधी यंत्र पूर्ण सुटे करावे लागते, आणि पहिली बॅटरी बाहेर काढावी लागते. लिथियम बॅटरीला टोचले, वाकवले किंवा तापवले तर ती पेटू शकते. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला हातही लावू नका. हे सुटे करण्याचे काम दुरुस्ती करणाऱ्या जाणत्या माणसाकडून करून घ्या. यंत्र न खोलता वरूनच घासले, तर धातूची भुकटी फटींतून आत जाते. ती विजेची वाहक असल्यामुळे आतल्या मंडलात कोठेही दोन तारा जोडून बसते आणि चांगले चालणारे यंत्र कायमचे बंद पडते.

सुटे झालेले झाकण साबणाने धुऊन तेलकटपणा घालवतात आणि मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासतात. आधी जाड दाण्याचा, मग क्रमाने बारीक. पाण्यामुळे भुकटी उडत नाही आणि श्वासातून छातीत जात नाही. येथे एक गंमत लक्षात येते. पॉलिश पेपरवर जे कठीण दाणे चिकटवलेले असतात, ते पुष्कळदा अॅल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात. ह्याच पदार्थाच्या स्फटिकाला आपण कुरुंद म्हणतो, आणि इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्दही आपल्याच भाषांतून तिकडे गेलेला आहे. म्हणजे ऑक्साइडने ऑक्साइड घासायचा! म्हणून सुरुवातीला हात दुखून येतात आणि एकदा थर तुटला की खालचा मऊ धातू भराभर झिजू लागतो. बेसावध माणूस नेमका तेथेच खळगा पाडून बसतो.

कारखान्यांत हा थर रसायनांनी काढतात. दाहक सोड्याचा विद्राव तो झटपट विरघळवतो, पण तेथेच थांबत नाही. कातडी संपली की तो धातूही खाऊ लागतो. विद्राव खूप तापतो, हायड्रोजन जोराने निघतो आणि दाहक सोड्याचे तुषार उडतात. डोळ्यात एक थेंब गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून हा प्रकार घरी कधीही करायचा नाही.

त्यातले तत्त्व पाहायचे असेल, तर शिक्षकांसमोर प्रयोगशाळेत एक सौम्य प्रयोग करा. परीक्षानळीत धुण्याच्या सोड्याचा कोमट विद्राव घ्या आणि त्यात अॅल्युमिनियमच्या वर्खाचा लहानसा तुकडा टाका. पहिल्यांदा काहीच होत नाही. थोडा वेळ वाट पाहा. मग हळूहळू बुडबुडे येऊ लागतात. तो सुरुवातीचा शांत वेळ म्हणजे कातडी विरघळण्याचा वेळ. डोळ्यांना न दिसणारा थर ह्या प्रयोगात घड्याळावर दिसतो!

परत वाढवणे अवघड

आता खरी अडचण. पुन्हा अॅनोडायझिंग घरी करता येईल का? उत्तर अंदाजाने देऊ नका, गणित करा.

झाकण ३५ सेंटिमीटर लांब आणि २४ सेंटिमीटर रुंद धरू. एका बाजूचे क्षेत्रफळ ८४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ८.४ चौरस डेसिमीटर. दोन्ही बाजू मिळून सुमारे १७. दर चौरस डेसिमीटरला दीड अँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे एकूण सुमारे २५ अँपिअर. लॅपटॉपचा नेहमीचा चार्जर तीन-चार अँपिअर देतो, हे ध्यानात घ्या. ह्या प्रवाहाने १ मायक्रॉन थर वाढायला सुमारे दोन मिनिटे लागतात. १० मायक्रॉनला २० मिनिटे झाली.

१५ व्होल्ट गुणिले २५ अँपिअर म्हणजे ३७५ वॅट. २० मिनिटांचे १२०० सेकंद. दोहोंचा गुणाकार ४,५०,००० ज्यूल. ह्यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन विद्रावात उतरते. विद्राव १० लिटर आहे असे समजा आणि तो पाण्याइतकीच उष्णता घेतो असे धरा. १० लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४२,००० ज्यूल लागतात. म्हणजे वीस मिनिटांत तापमान सुमारे ११ अंशांनी वाढणार.

आता दिग्रसचा वैशाख आठवा. सावलीतले पाणीही ३५ अंशांचे असेल, तर काम संपेपर्यंत विद्राव ४६ अंशांवर जाईल. हवे होते २० अंश! आम्ल जसजसे तापते, तसतसे ते थर वाढतानाच त्याला विरघळवूही लागते. मग हाती येतो तो खडूसारखा भुसभुशीत, बोटाला लागणारा थर. म्हणूनच अॅनोडायझिंगच्या कारखान्यांत मोठ्या टाक्या असतात, विद्राव थंड ठेवणारी शीतयंत्रे असतात आणि आम्लाच्या वाफा ओढून नेणारे पंखे असतात.

अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. कवचात बसवलेली एखादी पोलादी चकती आत राहिली, तर आम्ल तिला खाते आणि प्रवाह भलत्याच वाटेने जातो. शिवाय अॅनोडायझिंग हे पारदर्शक असते. खालचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक खड्डा त्यातून स्पष्ट दिसतो. रंगाखाली दोष लपतात, येथे ते जपले जातात. तेव्हा हे काम करायचेच तर ते मोठ्या शहरातल्या जाणत्या कारखान्यानेच करावे.

तसाच उघडा ठेवला तर? घासून आरशासारखा केलेला अॅल्युमिनियम पहिले काही दिवस फार सुंदर दिसतो. पण त्याच्यावर आता केवळ ती निसर्गदत्त नाजूक कातडी असते. घामाने त्यावर लवकर डाग पडतात आणि तळहाताला काळपटपणा लागतो. चकाकता धातू उष्णताही कमी उत्सर्जित करतो, म्हणून यंत्र थोडे अधिक तापते. आणि घरातल्या विजेच्या जोडणीला भूसंपर्क नीट नसेल, तर चार्जर लावलेला असताना उघड्या धातूवर बोटांना झिणझिण्या अधिक जाणवतात. विद्युत्‌रोधक कातडी काय काय करीत होती, ते ती गेल्यावर कळते!

रंगाऱ्याची वाट

दिग्रससारख्या गावात जवळची वाट आहे ती गाड्यांची डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या कारागिराची. झाकणाला रंग देणे ही त्याची विद्या. ह्यात कल्हईवाल्याच्या तिन्ही पायऱ्या आहेत. जुना थर पूर्ण काढण्याची गरज नसते. तो बारीक वॉटर पेपरने खरबरीत केला तरी पुरते. मग धातू निर्मळ करायचा आणि त्यावर धातूला धरून बसणारा 'एच प्रायमर' द्यायचा. ह्या प्रायमरमध्ये थोडे फॉस्फरिक आम्ल असते. ते पृष्ठभाग किंचित खाऊन रंगाला पकड देते. त्यानंतर रंगाचे दोन-तीन पातळ हात.

मोसमही पाहावा लागतो. वैशाखात फवाऱ्यातला द्रव झाकणापर्यंत पोचण्याआधीच उडून जातो आणि रंग वाळूसारखा खरखरीत बसतो. श्रावणात हवेतली वाफ ओल्या रंगावर जमून पांढुरकी झाक येते. मार्गशीर्ष-पौषातली दव सरल्यानंतरची कोवळी दुपार सर्वांत चांगली. झाकणाच्या कडेला प्लॅस्टिकची एक अरुंद पट्टी असेल, तर तिच्यावर धातूची पूड असलेला चंदेरी रंग लागू देऊ नका. तिच्याखाली बहुधा वाय-फायचा अँटेना असतो आणि धातू त्याच्या रेडिओलहरी अडवतो. हवेची छिद्रे आणि स्क्रूच्या जागा चिकटपट्टीने झाकून ठेवा.

मग काढावा, की ठेवावा?

इतके सारे कष्ट एका जुन्या झाकणासाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर द्या. झाकण १ मिलिमीटर जाड धरले तर त्यात सुमारे २२५ ग्रॅम अॅल्युमिनियम आहे. अॅल्युमिनियमचे खनिज म्हणजे बॉक्साइट. ते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी भागांत सापडते. एक किलो धातूसाठी सुमारे चार किलो बॉक्साइट आणि चौदा-पंधरा युनिट वीज लागते. म्हणजे तुमच्या त्या एका झाकणात जवळजवळ एक किलो दगड आणि तीन युनिट वीज साठलेली आहे. जुना धातू वितळवून पुन्हा वापरला तर मूळच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, आणि न वितळवता तसाच वापरला तर तीही लागत नाही. ह्या धातूवर संशोधन करणारी जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र ही संस्था १९८९ साली आपल्या विदर्भातच, नागपूरजवळ वाडी येथे स्थापन झाली. दिग्रसहून ती दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे आहे. कधी नागपूरला गेलात, तर अमरावती रस्त्याने जाताना तिची आठवण ठेवा.

आता माझे मत विचाराल तर असे. मनगटाची जागा विटली असेल, तर तेथला शिल्लक राहिलेला थर काढू नका. अर्धी उरलेली कातडीही मोलाची आहे. ती जागा स्वच्छ करून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. झाकण फारच खराब झाले असेल, तर ते जाणत्या माणसाकडून सुटे करून घेऊन रंगाऱ्याकडे न्या आणि त्याच्याजवळ उभे राहून त्याचे काम पाहा. आणि स्वतःच्या हाताने करून पाहायची हौस असेल, तर ती चांगलीच आहे, पण पहिला हात लॅपटॉपवर चालवू नका. भंगारात निघालेली जर्मनची ताटली घ्या. ती भिजवा, घासा, तिचा अर्धा भाग रंगवा, अर्धा उघडा ठेवा आणि दोन्हींवर मिठाच्या पाण्याचे थेंब रोज एकदा टाका. महिनाभर काय काय होते ते तारखेवार वहीत टिपून ठेवा.

त्या वहीची पाने भरत आली, की सुरुवातीचा प्रश्न पुन्हा एकदा वाचा. चढवलेला थर पुन्हा चढवता येतो, वाढलेला थर आधी जपावा लागतो. दोन्हींतला फरक तेव्हा तुम्हाला कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. तो तुमच्या ताटलीवरच लिहिलेला असेल.